अकराव्या धड्यातलं शेवटचं वाक्य

चि. केदार,

अनेक आशीर्वाद.

बाबांच्या डोळ्याची पट्टी काल निघाली. स्वच्छ दिसतंय. इतकं स्वच्छ, की सकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू एवढी कधी पिकलीस?" तेव्हा डोळाही ठीक आहे आणि जीभही. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. ताई अजून आठवडाभर आहे, ती घड्याळ लावून घालते. मी घालायला गेले की हे डोळा गच्च मिटून घेतात.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे, आणि मेसेज लिहायला घेतला की "बरं" आणि "काळजी घे" यापलीकडे माझ्याकडून काही उमटत नाही. कागदावर निदान खोडता येतं. एक मात्र आधीच सांगून ठेवते. तुझ्या झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. "तू काय डॉक्टर लागून गेलास?" हे तोंडातून निघालं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच, तुझ्या आजीचं आहे. तिनं ते मला ऐकवलं होतं, वेगळ्या कारणावरून. तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की माझ्या मुलांना मी असं कधी बोलणार नाही. असो.

पण माझी बाजूही ऐक. दुसऱ्या दिवशी बाबांचं ऑपरेशन. तू किती महिन्यांनी घरी आलेला. जेवताना फोन वाजला, तू ताटावरून उठलास, गॅलरीत गेलास आणि दार ओढून घेतलंस. झाकून ठेवलेलं ताट मी अकरा वाजता उचललं. एक वाजता पाणी प्यायला उठले तेव्हा तू तसाच उभा होतास, कठड्याला टेकून. तू फारसं बोलत नव्हतास. मधूनच "हं" म्हणत होतास. एकदा "मी आहे, मी कुठे जात नाहीये" म्हणालास. तीनच्या सुमाराला तुझ्या खोलीतला दिवा लागला आणि तो बंद झालेला मी पाहिला नाही. सहाला आपण निघालो आणि गाडी तू चालवलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले ते संध्याकाळी, बाबा सुखरूप घरी आल्यावर, आणि तेही नको तसं.

त्यावर तू म्हणालास, "आई, मला तेव्हा असं कुणी असतं तर."

केदार, मी शेजारच्या खोलीत होते रे.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. तू म्हणालास ते खरं आहे म्हणून लिहिते. शेजारच्या खोलीत असणं आणि असणं यात फरक असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहीन, धीर झाला तर.

आधी दुसरं सांगते. स्वतःचं गाणं कसं करायचं याचे धडे तू लोकांसाठी टाकतोस ना, ते मी सगळे ऐकले आहेत. तुला वाटत असेल की आई नुसतं "छान आहे" म्हणते. ताईनं मला ते फोनवर एकाखाली एक लावून दिले आहेत आणि मी वही करून ऐकते. पहिल्या धड्यात तू म्हणतोस की रोज वीस मिनिटं बसायचं आणि वाईट गाणं लिहायची स्वतःला परवानगी द्यायची. चांगलं लिहायचंच असा हट्ट धरला की हात आखडतो. तिसऱ्यात तीनच सुरांत चाल बांधायला सांगितलीस. ती मी बांधली! सा, ग आणि प घेऊन. ताई हसून हसून लोळली, म्हणाली हे दाराच्या बेलसारखं वाजतंय. पण बाबा अंथरुणावरून म्हणाले, "परत म्हण." दोनदा म्हणायला लावलं. पाचव्या धड्यात तू कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून गातोस, आवाज घुमू नये म्हणून. ते ऐकताना मला भरून आलं आणि हसूही आलं. एवढासा होतास तेव्हा रुसून त्याच कपाटात जाऊन बसायचास. सातव्यातलं मला सगळ्यांत पटलं. चुकलेला टेक, म्हणजे गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, लगेच पुसायचा नाही, रात्र जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी ऐकायचा. कधीकधी चुकीतच गाण्याची वाट असते. हे माणसांनाही लागू आहे, असं मी वहीत लिहून ठेवलंय आणि खाली तारीख घातलीय.

तू शिकवतोस छान. हे मी कधी तोंडावर म्हटलं नाही. तुझी नोकरी सुटली तेव्हा मी जे काही म्हटलं ते सगळं तुझ्या लक्षात असणार, म्हणून हेही लक्षात ठेव. कुठल्या कंपनीचा आधार नाही, कुणी मोठा गवई पाठीशी नाही. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच मिक्सिंग करायचं आणि स्वतःच लोकांपर्यंत पोचवायचं. ताईनं सांगितलं की स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे की वर्षभरात एखादं गाणं हजारदा वाजलं नाही, तर त्याचे पैसेच मोजत नाहीत. मी म्हटलं, हजारदा म्हणजे मीच वाजवत बसते. तर ती म्हणाली, तसं केलेलं त्यांना कळतं. बरं, राहिलं.

बाबा हल्ली डोळे मिटून पडलेले असतात म्हणून कुमार गंधर्व लावून देते. मर्यादेत राहून गाणं करायच्या तुझ्या धड्यावर त्यांनी लगेच कुमारांचंच उदाहरण काढलं. क्षयानं फुप्फुस गेलं, देवासला पाच-सहा वर्षं अंथरुणावर, गायला बंदी. उठले ते नवं गाणं घेऊनच. लांब दमसास नाही, तर श्वासाला झेपेल तेवढीच छोटी, झपकन चमकून जाणारी तान. आणि पडल्या पडल्या कानावर आलेली माळव्यातली लोकगीतं. बाबा हे सांगताना हात हलवून तान दाखवतात. मला मात्र त्या गोष्टीत त्यांच्या पत्नी भानुमतीबाई दिसतात, उशापायथ्याशी बसलेल्या. आणि एक गोष्ट दिसते जी बाबा सांगत नाहीत. गायला बंदी होती तेव्हा ते गायले नाहीत. पाच-सहा वर्षं. गळा असून.

तुला कुणी बंदी घालत नाहीये. मी तर नाहीच. पण बघ, आलेच त्याच वळणावर.

अकरावा धडा मी चारदा ऐकला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा भाजी निवडत होते आणि हातातलं तसंच राहिलं. तो पावसाळा तू त्यात सांगितलास. खोलीचं दार, आठ-आठ दिवस न लागलेला डोळा, पहाटेचे आवाज, सगळं. अनोळखी माणसांना सांगितलंस आणि त्यांच्याबरोबर मलाही ते तेव्हाच कळलं. मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला, मग लाज, मग अभिमान, आणि ही तीनही अजून एकमेकांशी भांडतायत. तू ते इतकं सरळ सांगितलंस. कुठे रडका सूर नाही, कुठे शौर्य नाही. कसं झालं, कशानं घालवलं, गोळ्यांचा किती उपयोग झाला, गाण्याचा किती. ते ऐकून कुणीतरी दवाखान्याची पायरी चढलं असेल, यात मला शंका नाही.

आणि मग शेवटचं वाक्य. "रात्री एकटं वाटलं तर मला लिहा. मी जागा असतो."

केदार, ते वाक्य काढ.

एवढंच सांगायला हे पत्र आहे. बाकीचं सगळं आजूबाजूचं आहे.

का म्हणते ते सांगते. मी तेरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते, त्यातली पहिली पाच रात्रपाळीत. तुम्हा मुलांना त्यातलं "नंबर प्लीज" एवढंच माहीत, नकला करायला. बोर्डासमोर उंच स्टुलावर बसायचं, कानाला हेडसेट, समोर भोकांच्या रांगा. कुणी फोन उचलला की त्याच्या नंबरखाली दिवा लागायचा. रात्री दोनच्या पुढे दिवे विरळ व्हायचे आणि जो लागेल तो बहुधा वाईटाचा असायचा. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही हा नियम. पण लाइन लागली की नाही बघायला क्षणभर कान द्यावा लागतो, आणि त्या क्षणभरात माणसं काय काय बोलून जातात.

एक माणूस रोज अडीचच्या सुमाराला फोन उचलायचा. नंबर मागायचा नाही. विचारायचा, "किती वाजले?" मी वेळ सांगायची. तो म्हणायचा, "आभारी आहे," आणि ठेवायचा. आमच्यात त्याला घड्याळजी म्हणायचे. सुपरवायझरबाईंची ताकीद होती: वेळ सांगा आणि सोडा. तशी मी सोडायची. पण एका रात्री त्यानं ठेवलं नाही, आणि मीही बोर्डावरची जोडणीची कॉर्ड काढली नाही. दोन-तीन मिनिटं असेल. तो म्हणाला, "घड्याळ आहे माझ्याकडे. कुणीतरी सांगितलेली वेळ वेगळी वाटते." माझ्या बोर्डावर तोवर चार दिवे पेटले होते. मी म्हटलं, उद्या बोलू या का? तो हो म्हणाला.

पुढचे काही दिवस बोललो. अगदी मिनिट-दीड मिनिट. काही खास नाही. मग माझी साप्ताहिक सुटी आली. परत आले तर त्याचा दिवा लागला नाही. पुढच्या रात्रीही नाही. नंतर कधीच नाही. सुटीच्या रात्री माझ्या जागी होती तिला विचारलं, त्यानं फोन केला होता का? ती म्हणाली, "बाई, मला काय आठवतंय, रात्रभर दिवे लागतच होते."

तो गाव सोडून गेला असेल. बदली झाली असेल. फोन कापला गेला असेल. मला माहीत नाही. पण पुढे कित्येक वर्षं, तुम्ही दोघं झाल्यावरसुद्धा, अडीच वाजता मला जाग यायची. अजून येते. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही; आता हे पत्र त्यांना वाचून दाखवता येणार नाही, ती एक पंचाईतच झाली.

तुझ्याकडेही असाच कुणीतरी एक दिवस लिहायचा थांबेल. कदाचित त्याला बरं वाटलं म्हणूनच. पण तुला ते कळणार नाही, आणि तू हिशोब करत बसशील की त्या रात्री मी फोन उलटा ठेवला होता का. मला त्या माणसाची काळजी आहेच. पण मी आई तुझी आहे.

आम्हाला एक गोष्ट मात्र होती. रिलीव्हर. पाळी संपली की ती यायची, आधी शेजारी बसायची, कुठले कॉल चालू आहेत, कुणाचा किती वेळ प्रलंबित आहे हे विचारून घ्यायची, मग माझा हेडसेट उतरायचा. ती आल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही, आणि ती आली की थांबायचंही नाही. "अजून एक कॉल जोडते आणि जाते" म्हटलं की सुपरवायझरबाई खांद्यावर हात ठेवून उठवायच्या. तेव्हा त्यांचा राग यायचा.

तुझी रिलीव्हर कोण आहे?

तू मला त्या भांडणात लंडनच्या पाद्र्याचं उदाहरण दिलंस ना, चॅड व्हारा, ज्यानं एकट्यानं ती पहिली हेल्पलाइन काढली. ताईकडून मी ती गोष्ट पुरती वाचून घेतली. २ नोव्हेंबर १९५३ ला त्यानं पहिला फोन घेतला, हे तू सांगितलंस ते बरोबर. पण पुढचं तू सांगितलं नाहीस. माणसं त्याला भेटायला रांग लावून बसायची आणि त्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक असायचे. तर त्याच्या लक्षात असं आलं, की त्या चहा देणाऱ्यांशी बोलूनच पुष्कळांचा जीव हलका होतोय. त्याच्यापर्यंत यायची गरजच उरत नाही. आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यानं ते काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. म्हणजे एकटा किती दिवस? तीन महिने. तू अकरावा धडा टाकून मला वाटतं चौदा महिने झाले.

आणि ते गाणं. हेल्पलाइनचा नंबर हेच ज्याचं नाव, त्या अमेरिकन रॅपरचं, लॉजिकचं, २०१७ चं. "आई, एका गाण्यानं माणसं वाचतात, हे संशोधनानं सिद्ध झालंय," असं तू म्हणालास. तेही काढून बघितलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ साली आलेलं आहे. गाण्याची सगळ्यांत जास्त चर्चा होती त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला नेहमीपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, म्हणजे जवळजवळ सात टक्के, आणि त्याच दिवसांत आत्महत्या अंदाजापेक्षा २४५ नी कमी झाल्या. गाण्यामुळेच झालं असं ते छातीठोकपणे म्हणत नाहीत, पण आकडा वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. २४५ घरं.

तेव्हा तू म्हणतोस ते खरंच आहे. पण केदार, नीट बघ, त्या गाण्यानं काय केलं? नंबर दिला. फोन गाणाऱ्यानं नाही उचलला. उचलायला रात्रभर पाळीपाळीनं बसलेली, शिकवून तयार केलेली माणसं होती. गाण्यानं लाइन जोडून दिली आणि ते बाजूला झालं. आम्ही तेच करायचो. जोडून देणं हे कमी काम आहे असं मला तेरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

म्हणून ते वाक्य बदल. "मला लिहा" च्या जागी हेल्पलाइनचा नंबर दे, बोलून दाखव आणि खालीही लिही. तू डॉक्टर नाहीस हेही सांग. (हे मी चांगल्या अर्थानं म्हणतेय.) जिवावरचा प्रसंग असेल तर जवळच्या माणसाला आत्ता हाक मारा, तातडीच्या सेवेला फोन करा, हे सांग. आणि तरीही जे तुलाच लिहितील त्यांना उत्तर जरूर दे, पण दिवसा. वेळ ठरवून. शक्य तर कुणालातरी बरोबर घेऊन. तुझा तो तबलेवाला मित्र आहे ना, शहाणा वाटतो. आणि एखाद्याशी तसं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी ते कुणाजवळ तरी उतरवून ठेव. नाव न सांगता. दिवसातून निदान सात तास

नाही. खोडलं नाही, तसंच ठेवते. पण पुढचं लिहीत नाही.

भाषण झालं. माझ्या लक्षात येतंय. मधल्या खोलीतून बाबा विचारतायत, "किती पानं झाली?" मी म्हटलं, दोन. पाच झाली आहेत.

तुला राग येणार असेल तर रॅखमॅनिनॉफवर ये, त्या रशियन संगीतकारावर, कारण हे मला तूच शिकवलंस. नवव्या धड्यात. १८९७ मध्ये त्याची पहिली सिम्फनी सपशेल पडली, पुढची तीन वर्षं हातून काही लिहून होईना, आणि मग दुसरा पियानो कॉन्चेर्टो, जो आज जगभर वाजतो. तू त्याचा धडा असा काढलास की कोरडा काळ हाही कामाचाच भाग असतो. मला तो धडा अपुरा वाटला. तो कोरडा काळ आपोआप संपला नाही. निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरांकडे तो १९०० साली काही महिने रोज जायचा. रोज, केदार. आणि कॉन्चेर्टो पुरा झाल्यावर त्यानं तो त्या डॉक्टरांना अर्पण केला. एवढा मोठा माणूस, पहिल्या पानावर डॉक्टरांचं नाव.

त्या पावसाळ्यातल्या तुझ्या डॉक्टरबाईंकडे तू शेवटचा कधी गेलास?

तू आत्ता पत्र खाली ठेवलंस हे मला इथून दिसतंय. उचल. जवळजवळ संपलंय.

ताईनं परवा एक पाहणी वाचून दाखवली, २०१६ ची, ब्रिटनमधल्या २,२११ संगीत करणाऱ्यांची. त्यातल्या ७१ टक्क्यांनी सांगितलं की त्यांना घाबरेपणाचे झटके किंवा भयंकर चिंता अनुभवाला आली आहे, आणि ६८ टक्क्यांच्या वर लोकांनी उदासपण सांगितलं. मी ताईला म्हटलं, बंद कर ते. ती म्हणाली, "आई, याचा अर्थ असा की तो एकटा नाही." ताईचं हे असं असतं. जे वाचून मी घाबरते त्यानंच तिला धीर येतो. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात.

आता ते, जे पुढे लिहीन म्हटलं होतं.

त्या पावसाळ्यात मी तुला विचारलं नाही. सगळं विचारलं: जेवलास का, डोकं दुखतंय का, नोकरीचं काही झालं का, कुणी मुलगी आहे का. दाराबाहेर उभी राहून झोपलास का विचारायची. पण ते विचारलं नाही. मला वाटायचं, मी शब्द उच्चारला तर तुझ्या मनात नसलेलं मी घालीन. आपल्याकडे म्हणतातच, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मग डॉक्टरबाईंनी मला एकटीला बसवून सांगितलं, की विचारल्यानं ते मनात येत नसतं. असलं तर बाहेर यायला वाट मिळते. मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. आणि परवा तुझ्या बाराव्या धड्यात तूही तेच सांगितलंस, ऐकणाऱ्यांना: "आडून आडून विचारू नका. सरळ विचारा."

तेव्हापासून मी तुला झोपेबद्दल विचारते. फोनवर, मेसेजवर, ताईमार्फत. तू वैतागतोस. वैतागणारच. आज हे पत्र लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी झोपेबद्दल विचारतच नाहीये. मला दुसरंच विचारायचं असतं आणि जीभ झोपेपाशी येऊन थांबते. शब्द तरी कसा आहे बघ आपला, "जिवाचं बरंवाईट". त्यात बरं काय असतं?

तर विचारते. तुझ्याच धड्यातलं, सरळ.

केदार, तुझ्या मनात पुन्हा जीव द्यायचे विचार येतात का? रात्री दुसऱ्यांची ती बोलणी ऐकून झाल्यावर, एकटा असताना?

लिहिलं. वाचून बघितलं. आकाश कोसळलं नाही. बाबा आत रेडिओचं बटण फिरवतायत.

उत्तर काय आहे ते मला माहीत नाही. "नाही" असेल तर तेही सांग, मी विश्वास ठेवीन, आडून तपासत बसणार नाही. "हो" असेल तर मला रडू येईल, पण मी ते ऐकीन, मध्ये बोलणार नाही, आणि उपाय सांगायला लागले तर तू मला थांबव. "कधीकधी" असेल तर ते कधी, एवढं सांग. मी आता शेजारच्या खोलीत नाही, लांब आहे. पण या वेळी दार वाजवलंय.

पत्रानं उत्तर नको. फोन कर. अडीचला केलास तरी चालेल, तेव्हा मी जागीच असते, आणि वेळ सांगायची मला सवय आहे.

बाबांचे आशीर्वाद. ताई म्हणते तिच्या लेकीला तीन सुरांचा धडा हवाय, पुढच्या वेळी येशील तेव्हा पेटी काढून ठेवते. पेटीचा एक सूर अडकतोय, गंधार. तूच बघ.

तुझी,
आई

ता. क. तुझे हेडफोन इथेच राहिलेत, गॅलरीच्या कठड्यावर होते. पुसून ठेवलेत. एकदा कानाला लावून पाहिले. आमच्या हेडसेटपेक्षा पुष्कळ हलके आहेत, पण कानामागे तिथेच टोचतात. पाठवू, का घ्यायला येतोस?